बंधुभाव पंधरवड्यापुरता नसतो

गेल्या महिन्यात इंदूरच्या एका जुन्या सहकाऱ्याचे पत्र आले. सोबत एक इंग्रजी माहितीपत्रक होते आणि पत्राच्या शेवटी मोजक्या ओळी : ‘मुलगी मानसशास्त्र घेऊन बी. ए. झाली. श्रीलंकेला जाऊन तिथल्या मनोरुग्णांची सेवा करायची म्हणते. तुमचे भाषांतराचे काम आहे, तेव्हा यात काय लिहिले आहे ते नीट मराठीत कळवा. आणि आपल्या माणसाने याकडे कसे पाहावे, तेही लिहा.’

पहिले काम सोपे होते. माहितीपत्रकावर निळा समुद्र, माडांची रांग आणि हसणारी मुले. आत मजकूर असा की, मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करण्याची आवड असलेल्या तरुणांनी काही आठवडे या सुंदर बेटावर यावे. मनोरुग्णालयात, मतिमंद मुलांच्या शाळेत रुग्णांचा वेळ आनंदात जाईल असे उपक्रम घ्यावेत. शनिवार-रविवार पर्यटनाला मोकळे राहतील. शेवटी प्रमाणपत्र मिळेल. या सेवेसाठी स्वयंसेवकाने भरावयाची रक्कम इतकी मोठी की, आपल्याकडच्या अंगणवाडी सेविकेचे कित्येक महिन्यांचे मानधन तीत सहज मावावे. पूर्वानुभवाची अट नाही. सिंहली वा तमिळ भाषा येण्याचीही अट नाही. उलट ती नसली तरी काही अडणार नाही, असे आश्वासन ठळक अक्षरांत दिलेले.

भाषांतर करताना एका वाक्यापाशी मी अडले. ‘तुमच्या येण्याने फरक पडेल’ असे ते वाक्य. इंग्रजीत ते सहज खपून जाते. मराठीत मात्र लगेच प्रश्न उभा राहतो : फरक पडेल, पण कोणाला? आमच्या भाषेचे व्याकरण या ठिकाणी उत्तर मागते. माहितीपत्रकात ते नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध, आणि सहकाऱ्याच्या दुसऱ्या प्रश्नाला दिलेला प्रतिसाद.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. परदुःखाने व्याकूळ होऊन घराबाहेर पडू पाहणाऱ्या तरुणांची टवाळी करणे हे आपले काम नव्हे. ज्या समाजव्यवस्थेने प्रत्येकाला स्वतःपुरते पाहायला शिकविले, तीत कोणा मुलीला अनोळखी देशातील अनोळखी रुग्णाजवळ बसावेसे वाटते, ही मोलाची गोष्ट आहे. प्रश्न तिच्या हेतूचा नाही. भांडवलशाही माणसाच्या श्रमाप्रमाणे त्याच्या सद्भावनेचीही विक्रेय वस्तू करते, आणि तसे करताना ज्याच्या नावाने हा व्यापार चालतो त्या दुःखी माणसाला केवळ कच्चा माल समजते, हा खरा प्रश्न आहे.

श्रीलंकेचाच अनुभव पाहू. २६ डिसेंबर २००४ रोजीच्या त्सुनामीने या बेटाच्या किनाऱ्यावरील तीस हजारांहून अधिक माणसे गिळली आणि लाखो माणसांना बेघर केले. पूर्व व उत्तर किनाऱ्यावर ही आपत्ती यादवी युद्धाने आधीच पोळलेल्या जनतेवर कोसळली. अन्न, औषधे आणि तंबू यांच्यामागोमाग तिथे समुपदेशकांचीही एक लाट आली. अमेरिकन लेखक ईथन वॉटर्स यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या लाटेचे तपशीलवार चित्रण केले आहे. मनावर झालेला आघात जगात सर्वत्र एकाच रीतीने प्रकट होतो, त्यावर इलाजही एकच, आणि तो आपल्याजवळ आहे, असे गृहीत धरून ही मंडळी निघाली होती. कित्येकांना तिथली भाषा ठाऊक नव्हती. त्या भागात वीस वर्षे चाललेल्या युद्धाची पुरेशी माहितीही नव्हती.

वास्तविक, अशा घाईविषयी तज्ज्ञांनी आधीच सावध केले होते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ डेरेक समरफील्ड यांनी १९९९ मध्येच युद्धग्रस्त भागांतील अशा कार्यक्रमांवर कठोर टीका केली होती. युद्धाने होणारे दुःख हे सामाजिक व राजकीय दुःख आहे. त्याला वैयक्तिक आजाराचे रूप देऊन बाहेरच्या तज्ज्ञाच्या हवाली करणे चूक आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. त्सुनामीनंतर, २००७ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाच्या यंत्रणा आणि प्रमुख मदतसंस्था यांच्या स्थायी समितीने आपत्तीतील मानसिक आरोग्यसेवेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. या तत्त्वांत मदतीची रचना चार थरांच्या मनोऱ्यासारखी कल्पिलेली आहे. तळाशी सुरक्षितता, अन्न, पाणी, निवारा. त्यावर कुटुंब आणि वस्ती यांचा आधार. त्याहून वर प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत. आणि अगदी टोकाला, थोड्या लोकांना लागणारे तज्ज्ञांचे उपचार. आपद्ग्रस्तांना एकदाच बसवून सगळे काही सांगायला लावण्याची पद्धत अवलंबू नये, असेही तेथे बजावले आहे. समितीतील कोणी मार्क्सवादी होते असे नव्हे. परंतु माणसाचे मन त्याच्या भौतिक जीवनाच्या पायावर उभे असते, हे त्यांनाही अनुभवाने मान्य करावे लागले.

आता भाषेविषयी. या बाबतीत माझ्या पेशामुळे मला थोडे अधिकाराने बोलता येईल. गेली काही वर्षे इंग्रजीतील प्रबंध, ठराव आणि लेख मराठीत आणण्याचे काम मी करते. ‘वरकड मूल्य’ या शब्दाने मला कधी त्रास दिला नाही. ‘समुपदेशन’ या शब्दाने मात्र अजूनही देते. हा शब्द आपण घडविला, रुळविला. पण त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसला आहे, आणि ऐकणाऱ्याला तोच आधी ऐकू येतो. ‘नैराश्य’ हा पुस्तकी शब्द आमच्या शेतमजूर बायांच्या तोंडी नाही. त्या म्हणतात, ‘जिवाला गोड लागत नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘डोक्यात मुंग्या येतात’, ‘कशात मन लागत नाही’. ही वाक्ये दुखण्याची असतात, तशी कर्जाची असतात, दारुड्या नवऱ्याची असतात, परत न आलेल्या मुलाची असतात. कोणते वाक्य कशाचे, हे ज्याला तिच्या वस्तीचे जगणे ठाऊक आहे त्यालाच कळते. शब्दकोश तिथे थिटा पडतो.

इंग्रजी आणि मराठी यांच्यामध्ये जर एवढी दरी, तर सिंहली वा तमिळ यांचे अक्षरही न जाणणाऱ्या पाहुण्याची काय कथा? श्रीलंकेचे थोर मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेयसेकरे यांनी १९८५च्या एका निबंधात हा प्रश्न मुळापासून मांडला. जीवन दुःखमय आहे, आशा फोल आहे, ही भावना पाश्चात्य मनोविकारतज्ज्ञाला आजाराचे लक्षण वाटेल. परंतु बौद्ध संस्कारात वाढलेल्या माणसाच्या तोंडी ते जगाविषयीचे तत्त्वचिंतनही असू शकते, आणि त्या दुःखाला अर्थ देण्याच्या रीती त्याच्या संस्कृतीजवळ असतात. गायत्री फर्नांडो या श्रीलंकन मानसशास्त्रज्ञ विदुषींच्या अभ्यासातूनही असे दिसले की, तिथली माणसे आपले क्लेश बहुधा शारीरिक दुखण्यांच्या आणि तुटलेल्या नात्यांच्या भाषेत सांगतात. जाफना येथील प्राध्यापक दया सोमसुंदरम यांनी युद्धाच्या धामधुमीत तिथे राहून काम केले. त्यांच्या १९९८ आणि २०१४ मधील दोन ग्रंथांचा मथितार्थ हाच की, जखम एकेका मनाला झालेली नसते; कुटुंब, गाव, परस्परविश्वास यांना झालेली असते, आणि उपचारही त्याच पातळीवर करावे लागतात. ही सारी विद्या त्या बेटावरच जन्मलेली आहे. काही आठवड्यांसाठी तिथे जाणाऱ्या पाहुण्याला तिची ओळख करून द्यावी, असे त्या माहितीपत्रकास वाटले नाही.

मनोरुग्णालयातील रुग्णाच्या बाजूनेही विचार करावा. ज्याला आप्तांनी टाकले, ज्याच्या भेटीला कोणी येत नाही, त्याच्याजवळ एक हसरी मुलगी येते, रंग देते, गाणे म्हणते. त्याला तिचा लळा लागतो. पंधरवड्याने ती निघून जाते. तिच्या जागी दुसरी येते, तीही जाते. ज्याचा आजारच ताटातुटीने वाढलेला आहे, त्याच्या वाट्याला आपण दर पंधरा दिवसांनी एक नवी ताटातूट पाठवितो. निरोगी माणसाला हे सोसणार नाही. मग रुग्णावर हा प्रयोग कोणत्या न्यायाने?

तर मग त्या बेटावर खरोखर कशाने फरक पडला? याचे उत्तर उपलब्ध आहे, आणि ते प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे असे आहे. १९९५ साली श्रीलंकेतील आत्महत्यांचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे ४७ इतके होते. जगातील अत्यंत वरच्या प्रमाणांपैकी ते एक होते. ग्रामीण भागातील मृत्यूंमागे घरोघरी हाताशी असलेली जहाल कीटकनाशके हे मोठे कारण होते. श्रीलंकेच्या सरकारी नियंत्रकाने १९८०च्या कायद्याने मिळालेले अधिकार वापरून, जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांत विषारी ठरविलेल्या वर्गातील उरलीसुरली कीटकनाशके १९९५ मध्ये बंद केली, १९९८ मध्ये एंडोसल्फानवर बंदी घातली आणि २००८ ते २०११ या काळात आणखी तीन घातक औषधे बाजारातून हटविली. आत्महत्यांचे प्रमाण दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. १९९५ ते २०१५ या वीस वर्षांत या निर्बंधांमुळे ९३ हजार जीव वाचले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. या बंदीने पिके बुडाली, असेही घडले नाही.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. क्षणिक हताशेच्या घटकेत जीवघेणे साधन हाताशी नसले, तर ती घटका टळते आणि टळलेली घटका बहुतेकांच्या आयुष्यात पुन्हा येत नाही. ९३ हजार माणसांचे प्राण वाचविणाऱ्या या कार्याला कोणतेही माहितीपत्रक नव्हते. ते नफ्याच्या हितसंबंधांविरुद्ध सार्वजनिक यंत्रणेने घेतलेल्या निर्णयाचे फळ होते. सरकारी दवाखान्यांतील मोफत उपचारांचाही त्यास हातभार लागला.

याच सार्वजनिक यंत्रणेवर नंतर कोणता प्रसंग ओढवला? एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड थांबविली. औषधे, इंधन, वीज यांवाचून देश तडफडला. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे सुमारे तीन अब्ज डॉलरचे कर्ज आले आणि त्यासोबत करवाढीच्या व काटकसरीच्या अटीही आल्या. जनतेच्या पैशाने शिकलेले डॉक्टर मोठ्या संख्येने देश सोडू लागले. मनोविकारतज्ज्ञांची संख्या आधीच तुटपुंजी, त्यांतूनही ब्रिटन-ऑस्ट्रेलियाच्या रुग्णालयांनी माणसे नेली. या दुहेरी वाहतुकीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे : सिंहली आणि तमिळ जाणणारा अनुभवी तज्ज्ञ विमानाने कोलंबोहून लंडनला जातो, आणि दोन्हींपैकी एकही भाषा न जाणणारा विद्यार्थी लंडनहून कोलंबोला येतो. पहिल्याला आपण ‘स्थलांतर’ म्हणतो, दुसऱ्याला ‘सेवा’. साम्राज्यवादाची आजची रीत समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण शोधावे लागू नये.

मग कोणी कोठे जाऊच नये काय? हा निष्कर्ष आंतरराष्ट्रीयतेला पारखा होईल, आणि इतिहासालाही. १९३४-३५ साली सिलोनमध्ये हिवतापाच्या साथीने हजारोंचे बळी घेतले. तेव्हा सूर्यामल चळवळीतील तरुण खेड्यांत उतरले. त्यांतील डॉ. एस. ए. विक्रमसिंघे यांनी औषध वाटता वाटता निदानही केले : माणसे मरत होती ती केवळ तापाने नव्हे, उपाशी देहात तापाशी झुंजण्याचे बळ उरले नव्हते. सेवेतून राजकारण उगवले ते असे. हेच विक्रमसिंघे पुढे, १९४३ मध्ये, सिलोनच्या कम्युनिस्ट पक्षाचे संस्थापक झाले. या चळवळीच्या अध्यक्षा डोरीन यंग या इंग्लंडहून शिक्षिका म्हणून आलेल्या तरुणी होत्या. त्या परत गेल्या नाहीत. विक्रमसिंघे यांच्याशी विवाह करून त्या बेटावरच राहिल्या, तिथल्या जनतेच्या लढ्यात वावरल्या आणि १९५२ मध्ये तिथल्या संसदेवर निवडून आल्या. त्याही परदेशी स्वयंसेविकाच होत्या. परंतु त्यांच्या येण्याला परतीचे तिकीट जोडलेले नव्हते.

आपल्या घरचे उदाहरण तर प्रत्येक सोलापूरकराला पाठ आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. द्वारकानाथ कोटणीस चिनी भाषा शिकले, त्या भाषेत शिकवू लागले, बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, त्याच मातीत विसावले. क्यूबाने याच मार्गाला राष्ट्रीय धोरणाचे रूप दिले. तिमोर-लेस्ते हा बेटावरचा चिमुकला देश २००२ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा तिथे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके होते. क्यूबाने आपले डॉक्टर तिथे पाठविले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तिथल्या शेकडो तरुणांना वैद्यकीय शिक्षण दिले. पाहुणा डॉक्टर गेल्यावर गाव पोरके होऊ नये, ही व्यवस्था आधीच केली. मदत आणि बंधुभाव यांतील भेद येथे दिसतो. मदत देणारा निघून गेला की संपते. बंधुभाव मागे माणूस उभा करून जातो.

येथवर परदेशी संस्थांचे दोष दाखविले. आता स्वतःकडे पाहणे प्राप्त आहे. मनाच्या आजाराविषयी आपल्या चळवळीत फार काळ एक कठोर अज्ञान नांदत आले आहे. खचलेल्या कार्यकर्त्याला ‘मध्यमवर्गीय दुबळेपणा’ असे नाव देऊन आपण मोकळे होतो. बैठकीला न येणाऱ्याची नोंद घेतो. तो रात्ररात्र जागा असतो, याची चौकशी करत नाही. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांवर आपण मोर्चे काढले, कर्जमुक्तीची मागणी केली, आणि ते रास्तच होते. पण मागे राहिलेल्या पत्नीच्या झोपेविषयी, मुलांच्या मुकेपणाविषयी आपल्याजवळ किती कार्यक्रम होता? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर मेले. तेव्हाही श्रीलंकेच्या कीटकनाशकबंदीचा धडा आपण गावोगाव पोहोचवू शकलो नाही. तो पोहोचविला असता, तर शेतमालाच्या भावाइतकीच विषावरील बंदी ही कष्टकऱ्यांच्या जीविताची मागणी आहे, हे लोकांना पटले असते.

आणि हे काम अशक्य नाही. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने दाखवून दिले की, वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना नीट शिकविले, त्यांच्यावर जाणत्यांची देखरेख ठेवली आणि त्यांना सरकारी आरोग्य केंद्राशी जोडले, तर ती खचलेल्या रुग्णांना खरोखर सावरू शकतात. त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अर्थात, अशी माणसे सरकारने अल्प मानधनावर राबवावीत, असा याचा अर्थ नव्हे. आशा कार्यकर्तीच्या डोक्यावर आणखी एक नोंदवही ठेवून मानसिक आरोग्य साधणार नाही. वेतन, कायम नेमणूक आणि प्रशिक्षण या मागण्या या कामापासून वेगळ्या काढता येत नाहीत.

आता इंदूरच्या त्या मुलीला द्यावयाचे उत्तर. तिने जावे की न जावे, हे ठरविणारे आपण कोण? पण निघण्यापूर्वी तिने चार प्रश्न विचारावेत. ज्यांच्यात मी जाते, त्यांनी मला बोलावले आहे काय? त्यांची भाषा शिकण्याइतकी वर्षे द्यायची माझी तयारी आहे काय? मी तेथील सार्वजनिक रुग्णालयाच्या माणसांच्या हाताखाली, त्यांच्या गरजेप्रमाणे काम करणार आहे, की माझ्या अनुभवासाठी त्यांनी वेळ काढायचा आहे? आणि मी परत आल्यावर मागे कोण उभे राहील? या चारांची उत्तरे होकारार्थी असतील, तर तिने अवश्य जावे. तिच्या वडिलांनी अभिमानाने निरोप द्यावा. नसतील, तर माहितीपत्रकात मागितलेल्या रकमेतून एखाद्या चांगल्या शिक्षकाकडे तिने आधी तमिळ शिकावी. ती भाषा तिला जाफन्यात उपयोगी पडेल. आणि जाफन्याला जाणे घडलेच नाही, तर आपल्याच देशातील कोट्यवधी तमिळ कष्टकऱ्यांत उपयोगी पडेल. दरम्यान आठवड्यातून दोन दिवस तिने इंदूरच्याच सरकारी रुग्णालयात जाऊन बसावे. परके बेट शोधायला समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही. मनोरुग्णालयाच्या भिंतीआड माणसांची बेटे प्रत्येक शहरात आहेत.

आपल्या शाखांनीही हा विषय केवळ वाचून बाजूला ठेवू नये. पुढच्या बैठकीत जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाचे पद भरलेले आहे की रिकामे, एवढी एक गोष्ट जरी चौकशी करून नोंदविली, तरी कामाला आरंभ होईल. आणि त्याच बैठकीत, बरेच दिवस न फिरकलेल्या एखाद्या सहकाऱ्याच्या घरी कोणीतरी जाऊन यावे. तेथे ठराव वाचू नये. शेजारी बसावे, आणि तो ज्या भाषेत बोलेल ती ऐकून घ्यावी.